नुसते १ लिहून १७ ने भाग जाणारी संख्या: असते का अशी नेहमी?

रानवारा

लेक आठवीत आहे. सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गुरुजींकडे आठवड्यातून दोनदा कोडी सोडवायला जाते. परवा हे घेऊन आली:

फक्त १ हाच अंक वापरून (११, १११, ११११ अशी) सर्वांत लहान संख्या शोधा, जिला १७ ने निःशेष भाग जाईल.

मला वाटलं दोन मिनिटांचं काम आहे. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एकेक १ वाढवत बसले. दरवेळी दशांशचिन्हापुढे लांबलचक शेपूट. मग आकडा इतका मोठा झाला की कॅल्क्युलेटर मधेच 'ई' दाखवायला लागला. एक्सेल उघडलं, तर तिथे सोळा वेळा १ टाइप केलं की शेवटच्या १ चा आपोआप ० होतो! तीनदा टाइप केलं, तीनदा तेच. लेक शेजारी उभी राहून हसत होती.

गुरुजी म्हणतात कॅल्क्युलेटर लागत नाही. लागत नसेलही, पण माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. अशी संख्या असतेच, हे आधी कशावरून धरून चालायचं? समजा नसलीच, तर माणूस जन्मभर एके लिहीत बसेल. आणि १७ च्या जागी कुठलीही संख्या घेतली तरी मिळेल का? आठवीतल्या मुलीला पटेल असं कारण सांगा. सूत्रं नकोत.

झणझणीत

सतरा एके सतरा.

म्हणजे सतरा वेळा १ लिहा. अंकांची बेरीज १७, म्हणून १७ ने भाग जातो. धागा बंद करा, जेवायला बसा.

कोरी पाटी

@झणझणीत, बसू नका इतक्यात. अंकांच्या बेरजेचा नियम ३ आणि ९ ला चालतो, १७ ला नाही. ८९ घ्या. ८ आणि ९ सतरा. जातो का १७ ने भाग? बाकी ४ उरते.

९ ला तो का चालतो, हेही लेकीला सांगता येईल. १० ला ९ ने भागलं तर बाकी १, १०० ला भागलं तरी १, १००० ला तरी १. त्यामुळे अंक कुठल्याही स्थानावर असो, बाकीत तो स्वतःच्याच किमतीने उरतो. १७ च्या बाबतीत १० ची बाकी १० आणि १०० ची बाकी १५. तिथे प्रत्येक स्थानाचा भाव वेगळा.

झणझणीत

मान्य. उत्तर मागे घेतो. पण 'सतरा एके सतरा' हा विनोद चांगला होता, हे कुणीतरी म्हणा.

सदाशिवपेठी पेन्शनर

विनोद ठीक होता.

रानवारा ताई, गुरुजींचं बरोबर आहे, कॅल्क्युलेटरचं इथे कामच नाही. तुम्ही दरवेळी अख्खी संख्या नव्याने घेऊन पहिल्यापासून भागत होतात. तसं करू नका. आपण शाळेत भागाकार मांडायचो तो मांडा. भाज्य किती लांब आहे ते ठरवूच नका. वरून एक १ उतरवा, भाग लावा, बाकी काढा. पुन्हा एक १ उतरवा. बाकी शून्य आली की हात थांबवा आणि किती वेळा १ उतरवला ते मोजा.

मी आत्ता चहा घेता घेता वर्तमानपत्राच्या कडेला केलं. १११ मध्ये सतरा सक १०२, बाकी ९. एक उतरवला, ९१ झाले. सतरा पाचे ८५, बाकी ६. एक उतरवला, ६१. सतरा त्रिक ५१, बाकी १०. असं करत गेलं की बाक्या या क्रमाने येतात:

१, ११, ९, ६, १०, १६, ८, १३, १२, २, ४, ७, ३, १४, ५, ०

सोळाव्या १ ला बाकी शून्य. म्हणजे उत्तर सोळा एके. भागाकार ६५३५९४७७१२४१८३. सतराने उलटा गुणून पाहिला, बरोबर आहे. बाकी कधीच दोन आकड्यांच्या वर जात नाही, त्यामुळे १७ चा पाढा येत असला की झालं. सतरा सत्ते एकोणिसासे, सतरा अठ्ठे छत्तिसासे, सतरा नव्वे त्रेपन्नासे.

आणि गंमत बघा, एक्सेलने ताईंचा नेमका सोळावा १ च खाल्ला!

कीबोर्डकुमार

काका दंडवत. मी दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहून तेच उत्तर काढलं आणि तो टाकायला आलो होतो. आत घुसलो तर त्यातही तुमचंच तंत्र होतं: बाकी गुणिले दहा अधिक एक, पुन्हा बाकी. मी ते वर्तमानपत्राच्या कडेला केलं नाही, एवढाच फरक.

एक्सेलबद्दल: ते पंधरा अंकच लक्षात ठेवतं, सोळाव्यापासून पुढे शून्यं भरतं. मोठे आकडे लिहायचे असतील तर सेल आधी 'टेक्स्ट' करा, मग तसेच राहतात. पण मग त्यांचा भागाकार नीट होईल ही आशा सोडा.

अबोली सावंतवाडी

छत्तिसासे म्हणजे १३६ ना? आजीकडून ऐकलेलं. नंतर कुणाच्या तोंडी ऐकलंच नाही.

झणझणीत

तेही परवडलं. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आलं तेव्हा काय रान पेटलं होतं आठवतंय?

सदाशिवपेठी पेन्शनर

आठवतंय. मी विरोधात होतो. मग नातीला एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्यात अडकलेली पाहिली आणि गप्प बसलो. हा विषय इथे नको, धागा चांगला चाललाय.

मिठाचा खडा

काकांची यादी पुन्हा पुन्हा पाहतोय. १७ ने भागल्यावर ० ते १६ अशा सतरा बाक्या शक्य आहेत. यादीत सोळा आहेत, एकही दोनदा नाही. मग एक राहिली. शोधली तर १५!

१५ बिचारीने काय घोडं मारलंय?

कोरी पाटी

वा! हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

१५ वर काकांची रीत लावून बघा. बाकी १५, वरून १ उतरवला, १५१ झाले. सतरा अठ्ठे १३६, बाकी १५. पुन्हा १५! एकदा १५ वर आलात की कितीही एके उतरवा, १५ च. आणि उलट बाजूनेही तसंच, १५ वर यायला आधी १५ वरच असावं लागतं. आपण १ पासून निघालो, त्यामुळे त्या घरात जायला दारच नाही.

मिठाचा खडा

म्हणजे आमच्या ऑफिसातला फाइलचा प्रवास.

अबोली सावंतवाडी

@रानवारा यांचा मूळ प्रश्न राहिलाच की. १७ ला मिळालं हे दिसलं. पण मिळणारच होतं, हे आधी कसं कळणार? आणि कुठलीही संख्या घेतली तरी नाही मिळणार. ४ घ्या. शेवटी १ असलेली संख्या विषम, तिला ४ ने कसा भाग जाईल? ५ नेही नाही.

तीन तेरी एकोणचाळीस

बरोबर. २ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या संख्या बाद. उरलेल्या सगळ्यांना मिळतेच. सूत्राशिवाय सांगतो, लेकीला डबे मांडायला सांगा.

सतरा डबे घ्या, त्यावर ० ते १६ अशा बाक्या लिहा. आता १, ११, १११ असं करत अठरा एक्यांपर्यंतच्या अठरा चिठ्ठ्या करा. ज्या संख्येची जी बाकी, तिची चिठ्ठी त्या डब्यात. चिठ्ठ्या अठरा, डबे सतरा, म्हणजे कुठल्या तरी एका डब्यात दोन चिठ्ठ्या पडणारच. कुठल्या ते माहीत नसलं तरी चालेल.

त्या दोघींची बाकी सारखी. मोठीतून लहान वजा केली की बाकी उडाली, म्हणजे वजाबाकीला १७ ने निःशेष भाग जातो. आणि ही वजाबाकी दिसते कशी? ११११११ मधून ११ गेले तर ११११०० उरतात. पुढे एके, मागे शून्यं. मागची शून्यं म्हणजे १० ने केलेला गुणाकार. १० मध्ये २ आणि ५ सोडून काही नाही, १७ चा त्यांच्याशी संबंध नाही. तेव्हा शून्यं पुसून टाका. उरलेल्या एक्यांना १७ ने भाग जातोच.

आपण एकही भागाकार केला नाही, तरी संख्या आहे हे नक्की झालं. याला कबुतरांचं तत्त्व म्हणतात. खुराडी कमी, कबुतरं जास्त.



झणझणीत

दादरच्या कबुतरखान्याशी काही संबंध?

तीन तेरी एकोणचाळीस

तो विषय इथे काढलात तर धाग्याला निःशेष भाग जाईल.

बुद्धिबळ बाई

मी काकांच्या रीतीने आणखी काही करून पाहिल्या. ७ ला सहा एके लागतात. १७ ला सोळा, १९ ला अठरा, २३ ला बावीस. म्हणजे नियम उघड आहे: मूळ संख्या घ्या, एक वजा करा, तेवढे एके. डबे कशाला मांडायचे?

कोरी पाटी

बाई, तुम्ही नेमक्या सोयीच्या चार उचलल्यात. १३ करून बघा. बारा नाही, सहाच लागतात: ११११११. १३ गुणिले ८५४७. ३७ ला तर तीनच, ३७ त्रिक १११. ४१ ला पाच, ४१ गुणिले २७१ बरोबर १११११.

बुद्धिबळ बाई

तुमचे एके मोजताना माझेच डोळे फिरले. पण ६, ३ आणि ५ पाहिले तर १२, ३६ आणि ४० ला त्यांनी भाग जातोय. म्हणजे 'एक वजा' इतके एके घेतले तर भाग जातोच, कधी कधी आधीच काम होतं, असं म्हणूया का?

तीन तेरी एकोणचाळीस

म्हणूया, पण ३ ला सोडून. ३ मधून एक गेला, दोन एके, ११. जातो भाग? तिथे १११ लागतात.

फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४० मध्ये एका पत्रात मांडलेला सिद्धांत यामागे आहे. तो खरं तर नवांबद्दल बोलतो: १७ ने सोळा नवांच्या संख्येला भाग जातो. सोळा नव म्हणजे ९ गुणिले सोळा एके. १७ चं ९ शी काही देणंघेणं नाही, त्यामुळे भाग एक्यांकडे सरकतो. ३ मात्र त्या ९ मध्येच समाधानी होतो, एक्यांपर्यंत येतच नाही. म्हणून ३ चे भाऊबंद वेगळे वागतात. ९ ला नऊ एके लागतात, २७ ला सत्तावीस.

झणझणीत

म्हणजे सत्तावीस एके सत्तावीस खरंच चालतं! माझा पहिला प्रतिसाद पूर्ण चूक नव्हता, चुकीच्या धाग्यावर होता.

डोंबिवली फास्ट नाही स्लो

एक्यांचा विषय निघाला आणि अजून कापरेकरांचं नाव नाही? दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा डहाणूचा, देवळालीच्या शाळेत मास्तर. हाताशी पद नाही, संशोधनसंस्था नाही, आणि आकड्यांशी खेळणं आयुष्यभर. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं.

त्यांच्या 'डेम्लो' संख्या याच एक्यांतून निघतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ एक्यांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. डेम्लो हे नाव आलं रेल्वे स्टेशनवरून. जीआयपी रेल्वेच्या काळी आमच्या डोंबिवलीला तसं म्हणत, आणि ही कल्पना त्यांना तिथे सुचली.

मिठाचा खडा

आज सकाळी ८:१० ला डोंबिवली स्टेशनवर उभं राहून कुणाला काही सुचलं, तर त्याला मी स्वतः नारळ देईन.

डोंबिवली फास्ट नाही स्लो

एकच सुचतं: पुढची गाडी.

अबोली सावंतवाडी

६१७४ पण त्यांचंच ना? चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, पुन्हा तेच. ३५२४ घेतलं: ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. पुढे तिथेच अडकतं. १५ सारखंच!

डोंबिवली फास्ट नाही स्लो

अगदी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या चार अंकी संख्या तिथे येतात. अपवाद फक्त चारही अंक सारखे असलेल्यांचा. ११११ घेतलंत की पहिल्याच वजाबाकीत शून्य.

गवती चहा

अवांतर. मी बँकेत होते. नवीन क्लार्क आला की त्याला सांगायचे, कुठलीही तीन अंकी संख्या मनात धर, ती दोनदा लिही, म्हणजे ४८२ असेल तर ४८२४८२. सातने भाग. जातो. आलेल्याला अकराने. जातो. मग तेराने. जातो, आणि हातात परत ४८२. पोरं चकित व्हायची. तीन अंक दोनदा लिहिणं म्हणजे १००१ ने गुणणं, आणि ७ गुणिले ११ गुणिले १३ बरोबर १००१. एवढंच.

एकदा एक मुलगा लगेच म्हणाला, मॅडम, मग तुम्ही माझ्याकडून तीनदा भागाकार करून गुणाकारच उलटा करून घेतलात. त्याला त्या दिवशीचा चहा मी पाजला.

कीबोर्डकुमार

त्यातूनच १३ ला सहा एके का पुरतात ते दिसतं की. सहा एके म्हणजे १११ दोनदा लिहिलेले. १००१ त्यात आलं, म्हणजे ७ आणि १३ दोन्ही आले.

कोरी पाटी

हे मी एवढे एके मोजत बसण्यापेक्षा आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

बुद्धिबळ बाई

आणि १ च्या जोडीला ० ही वापरायची मुभा दिली तर ४ आणि ५ वालेही सुटतात ना? २२५ साठी शोधली. २५ साठी शेवटी दोन शून्यं, ९ साठी नऊ एके. १११११११११००. कबुतरांच्या पुराव्यात शून्यं पुसायचीच नाहीत, म्हणजे सगळ्यांना मिळणार.

तीन तेरी एकोणचाळीस

बाई, आता धागा तुम्हीच चालवा.

रानवारा

सगळ्यांचे आभार. दोन दिवस इकडे यायला झालं नाही, इथे बरंच घडलेलं दिसतंय.

डबे आम्ही खरंच मांडले. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या सातच, म्हणून १७ ऐवजी ७ घेऊन आठ चिठ्ठ्या केल्या. १ आणि ११११११११ अशा चिठ्ठ्या लिहिताना तिला एके मोजायचा कंटाळा आला, म्हणून तिने चिठ्ठीवर नुसतं '८' लिहिलं, आठ एके या अर्थाने. पहिली जोडी जमली ती १ आणि ७ या चिठ्ठ्यांची, दोन्ही बाकी १ च्या वाटीत. वजा केले, शून्य पुसलं, सहा एके. त्याआधी ६ नंबरची चिठ्ठी ० च्या वाटीत पडलीच होती, ते तिने मला दाखवलं. आणि ३ ची वाटी शेवटपर्यंत रिकामी. ३ वर १ उतरवला की ३१, सातने भागून बाकी ३. तुमच्या १५ ची धाकटी बहीण.

काल ती गुरुजींकडे गेली आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी काही न बोलता पाटीवर ४९ लिहिलं आणि आत गेले. तिने घरी येऊन काकांच्या रीतीने सुरुवात केली. बेचाळिसाव्या १ ला शून्य आलं. दोनदा तपासलं. पण ४९ मधून ४२ गेले तरी सात बाक्या उरतात, आणि त्या सात तिने काढल्यात:

३, १०, १७, २४, ३१, ३८, ४५

१५ सारखी स्वतःतच अडकलेली फक्त ३८ आहे. बाकीच्या सहा एकमेकींत फिरतात: ३ वरून ३१, मग १७, २४, ४५, १०, आणि परत ३. तिचं म्हणणं, हे का होतं ते कुणी सांगू नका, गुरुवारपर्यंत तीच शोधणार आहे.

सदाशिवपेठी पेन्शनर

सांगत नाही. फक्त मसाल्याच्या डब्यातली रिकामी वाटी फेकू नका म्हणावं.

अबोली सावंतवाडी

३, १०, १७, २४, ३१... हे तर कॅलेंडरातले एकाच वाराचे दिवस झाले!

झणझणीत

३८ आणि ४५ तारखेला मी रजेवर आहे.